शेवटचं कडवं

आपल्याकडे गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, आणि गाणारे शेवटच्या कडव्यापर्यंत थांबतातच असं नाही. नामदेवांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत हा रिवाज चालत आला. वरची कडवी लोकांच्या स्वाधीन करायची आणि खालच्या एका ओळीत आपलं नाव ओवून ठेवायचं. पोथीवर नाव नसलं, तबकडीवर नसलं, तरी ओळ तोंडात आहे तोवर नावही तोंडात राहील, असा साधा हिशेब. तो बिघडतो माणसांच्या सवयीनं. मिरवणुकीत, जागरणात, लग्नघरात लोक ध्रुपद म्हणतात, पहिली दोन कडवी म्हणतात आणि टाळ्या पडल्या की पुढच्या गाण्याला हात घालतात. नाव मागं राहून जातं.

रिसोडला राहून या गोष्टीचा विचार करायला भरपूर सवड मिळते. आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर सुमारे ४० किलोमीटर वाशीम गाठायचं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचे. तालुक्याची हद्द ओलांडली की एकीकडे हिंगोलीचा सेनगाव, दुसरीकडे बुलडाण्याचे मेहकर आणि लोणार. त्यामुळे आमची बोली वऱ्हाडी असली तरी तिला मराठवाड्याचा वास आहे. गाण्यांचंही तसंच. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाई, तांड्यांवर होळीची लेंगी, लग्नानंतरचा गोंधळ, लोणीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत दिंड्यांचे अभंग, गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी, एप्रिलभर भीमगीतं. एका तालुक्यात एवढी गाणी. आणि ती रचणाऱ्यांची नावं लिहायला बसलो तर पान भरायची मारामार.

पोळ्याच्या झडत्या घ्या. श्रावण अमावास्येला दुपार कलल्यावर बैल सजून आखरावर येतात. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, आणि समोर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. पोळा फुटायच्या आधी झडत्या होतात. झडती गायची नसते, ठसक्यात म्हणायची असते. चार-सहा जुळलेल्या ओळी, शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि महादेवाचा गजर. गजर सगळ्या गावाचा, पण त्याआधीच्या ओळी एकट्याच्या. त्यात सरकार येतं, सावकार येतो, विजेचं लोडशेडिंग येतं, सरपंच येतो, कुणाची बायको रुसून माहेरी गेली तेही येतं. एकानं म्हटली की दुसऱ्या बाजूनं उत्तर आलंच पाहिजे. उत्तर सुचेपर्यंत जो वेळ जातो त्यात गाव हसत असतं.

छापील मासिकांतल्या कवींनी कधीतरी त्या तोरणाखाली उभं राहून पाहावं. समोर शे-दोनशे माणसं, त्यात म्हातारे, पोरं, थोडी घेतलेलेही. माइक असला तर असला. बैल अंग झटकतायत, घुंगरं वाजतायत. अशा गलक्यात ओळ पोचवायची तर तिची जुळणी पक्की लागते. साचा कळावा म्हणून एक झडती मीच जुळवून दाखवतो:

पेरलं सोयाबीन, काढलं कर्ज,
पान्यानं आयकला नाही माहा अर्ज;
बैल म्हने मालका, रडतं काऊन?
जू माह्या खांद्यावर, तू बस खाऊन.

यातली दुसरी ओळ लंगडी आहे. कर्जाला अर्ज जुळवण्यासाठी ती आली आणि तिथं ते दिसतं. पण तिसरी-चौथी चालून जाईल. ‘काऊन’ म्हणताच ऐकणारा पुढच्या जुळणीची वाट पाहायला लागतो, आणि ‘खाऊन’ आलं की हसतो. अर्थ त्याला त्यानंतर लागतो. झडतीतलं सगळं कसब या अंतरात आहे. यमक ओळखू यावं, पण त्यातून निघणारा टोला ओळखू येऊ नये. बोलणारा बैल आहे, म्हणून मालकाला काहीही सुनावता येतं. माणसाच्या तोंडून हीच गोष्ट आली असती तर भांडण झालं असतं. गावातल्या ज्या गड्याला हे सगळं उपजत कळतं त्याला आपण कवी म्हणत नाही. तो ‘झडत्या लय भारी म्हनते’ एवढंच.

चांगली झडती संध्याकाळपर्यंत पोरांच्या तोंडी होते. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात एखादा शब्द बदलून ऐकू येते. तिथल्या पोराला विचारलं, ‘‘काबे, हे कोनं रचलं?’’ तर तो म्हणतो, ‘‘कोनं रचलं मंजे? ते त पयलेपासूनच हाय.’’ एका वर्षात ‘पयलेपासून’. आणखी दहा वर्षांनी एखादा अभ्यासक येतो, ती टिपून घेतो आणि खाली लिहितो, ‘लोकगीत, वऱ्हाड’.

या ‘लोक’ शब्दाखाली फार माणसं गाडली गेली आहेत असं माझं मत आहे. लोकगीत लोकांनी केलं असं आपण कौतुकानं म्हणतो. पण गाव एकत्र बसून गाणं करत नाही. कुठल्यातरी एका माणसाला निंदण करताना, जात्याच्या खुंट्याला हात घालताना, बंडीवर बसून बाजाराहून परतताना ओळ सुचते. बाकीचे ती घासतात, वळवतात, बिघडवतात, कधी सुधारतातही. पण पहिली ओळ एकाचीच असते. वेद अपौरुषेय म्हणण्यात निदान धर्माचा काही हेतू होता. एखाद्या शेतमजुराचं गाणं अपौरुषेय ठरतं ते केवळ त्याचं नाव विचारायला कुणी गेलं नाही म्हणून.

तसा आमच्या या मुलखाला कवितेचा जुना अभिमान आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते वत्सगुल्मातच. याच गावावरून एका काव्यरीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ नाव पडलं. चौथ्या शतकातला इथला राजा सर्वसेन स्वतः कवी. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज मिळत नाही. नंतरच्या पंडितांनी उदाहरणादाखल दिलेल्या गाथांमधून तेवढं ते उरलं. हालाच्या ‘गाथासप्तशती’त तर शेत, पीक, वाटसरू, सासुरवाशीण असा सगळा गावगाडा आहे, आणि त्या गाथा कुणाकुणाच्या यावर टीकाकारांचं नि पोथ्यांचं एकमत नाही. म्हणजे राजाच्या गाथेचीही वाट लागते. पण राजाचं नाव निदान ताम्रपटावर सापडतं.

नाव टिकलं त्याचंही उदाहरण आमच्या उशाशीच आहे. कयाधू नदी रिसोड तालुक्यात उगवते आणि खाली नरसीला जाते. नरसी हे संत नामदेवांच्या घराण्याचं गाव. रिसोडहून सेनगावमार्गे हिंगोलीला जाताना ते लागतं. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं होऊन गेली होती. तरी त्यांची ६१ पदं त्यांच्याच नावावर त्यात आली. शिंप्याच्या जातीतला परमुलखातला माणूस, भाषा बदललेली, लिपी वेगळी. पण शेवटच्या ओळीतलं ‘नामा’ शाबूत. गाणारे शेवटपर्यंत गात होते आणि लिहिणारा शेवटपर्यंत लिहीत होता, म्हणून.

विसाव्या शतकात वऱ्हाडानं पाहिलेला सगळ्यात मोठा गाणारा म्हणजे तुकडोजी महाराज. लोक त्यांना राष्ट्रसंत म्हणून पूजतात, नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण गाणी रचणारा कारागीर म्हणून त्यांच्याकडे फारसं पाहिलं जात नाही. जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. असं सांगतात की, पोरगा तुकोबांचे अभंग गात ‘तुका म्हणे’ म्हणायचा, तेव्हा आडकोजी म्हणाले, किती दिवस तुका म्हणे म्हणशील, तुकड्या म्हणे म्हण. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, मला ती फार आवडते. कारण गुरूनं मंत्र दिला की नाही ते बाजूला राहू द्या, शेवटच्या कडव्यात घालायला नाव मात्र दिलं.

त्यांचं वाद्य खंजिरी. वीतभर लाकडी कडं, एका बाजूनं चामडं, कडेला छोट्या झांजा. पेटी लागत नाही, तबलजी लागत नाही, चालता चालता वाजवता येते. या वाद्यावरून भजनाची घडण ठरली. ओळ आखूड, कारण मंडळींनी ती लगेच मागून म्हणायची असते. ओळ संपली की खंजिरीचा एक ठोका रिकामा जातो, त्यात मागच्यांचा श्वास होतो. ध्रुपद एकदा ऐकून पाठ झालं पाहिजे, कारण दुसऱ्यांदा ऐकायला कोण कुठं असेल सांगता येत नाही. आणि बोलणं समोरच्याशी: उठ, झाड, सोड, शिक. संडास, दारू, शिवाशिव, अंगात येणं, ग्रामसफाई असले विषय भजनात बसवणं सोपं नाही. हातात झाडू घ्या असं सुरात सांगताना हसू येऊ नये, याला वजन लागतं. १९४२ मध्ये चिमूर, आष्टी पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं या भजनांचा धसका घेऊन महाराजांना अटक केली, नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये हीच खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेत वाजली. १९६८ मध्ये ते गेले. आजही आमच्याकडे खंजिरी भजनांच्या स्पर्धा होतात आणि तिथं गंमत अशी की शेवटचं कडवं कुणी गाळत नाही. गाळलं तर परीक्षक गुण कापतील असं नव्हे. महाराजांचं नाव गाळायची हिंमत होत नाही. संताच्या नावाला भक्तीचा पहारा असतो.

ज्याच्या नावाला तसा पहारा नव्हता असा माणूस म्हणजे वामनदादा.

वामन तबाजी कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. गरीब महार कुटुंब, शाळेचा संबंध नाही. पोट भरायला मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली. तरुण झाले तरी अक्षर येत नव्हतं. चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि आपल्याला ते वाचता येत नाही याची त्यांना अशी लाज वाटली की ओळखीच्या देहलवी मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवून घेतली. जोडाक्षरं शिकले रस्त्यावर, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितलेली. त्यांची गाणी वाचताना मला ती हमखास आठवते, कारण त्यांची ओळ दुकानाच्या पाटीसारखीच असते: चालता माणूस न थांबता वाचून जाईल अशी, आणि आत काय मिळतं ते एका दमात सांगणारी.

१९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं केलं. ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. पंडित लोक इथं नाक मुरडतात. मला वाटतं, याहून चांगली तालीम नाही. विडंबन करताना चाल आयती असते, तिच्या मात्रा ठरलेल्या, खटके ठरलेले. आपले शब्द त्या मापात काटेकोर बसवावे लागतात. कुठं सूर लांबतो, कुठं झटकन तुटतो ते जिभेला कळतं. उदाहरणार्थ, ‘संघर्ष’ हा शब्द भाषणात शोभतो. पण जिथं गायकाला सूर ताणायचा आहे तिथं तो ठेवला की गळा ‘र्ष’वर अडकतो. तिथं ‘लढा’ लागतो, कारण ‘आ’ वाटेल तेवढा लांबवता येतो. गावाकडच्या गाण्यांत आकारान्त, ओकारान्त शब्दांची एवढी गर्दी का, याचं उत्तर गवयाच्या छातीत आहे.

उसन्या चालीचा दुसरा फायदा हिशेबी आहे. गायन पार्टी संध्याकाळी एसटीनं गावात उतरणार, साथीला स्थानिक पेटीवाला, ढोलकीवाला. तालीम करायला वेळ नाही. नवी चाल घेऊन बसलं तर पहाट होईल. सिनेमाच्या गाण्याची चाल सांगितली की पेटीवाला मान डोलावतो आणि पहिल्या ओळीपासून बरोबर येतो. ऐकणाऱ्याच्या पायालाही ती चाल ठाऊक असते, म्हणून त्याचं सगळं लक्ष शब्दांकडे राहतं. नवा विचार जुन्या चालीवर लवकर उतरतो. हे सत्यशोधक जलशांना कळलं होतं. त्यांनी तमाशाचाच साचा उचलला आणि आतला माल बदलला. तिथून आंबेडकरी जलसे आले; नाशिक भागात भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात ते गाजवले. वामनदादा त्याच वाटेनं पुढं आले, आणि जलशाच्या वगातून गाणं सुटं करून त्यांनी एकट्याच्या बळावर उभं केलं.

तीस वर्षं ते गाणी करत, गात, नाशिक-मुंबईपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत हिंडत राहिले. पुस्तक मात्र एकही नव्हतं. ‘वाटचाल’ हा पहिला संग्रह निघाला १९७३ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. मग १९७६ ला ‘मोहळ’, आणि १९७७ ला ‘हे गीत वामनाचे’. या तिसऱ्या पुस्तकाच्या नावाकडे जरा पाहा. शेवटच्या कडव्यातलं नाव त्यांनी उचललं आणि थेट मुखपृष्ठावर आणलं. ते मुद्दाम केलं की सहज, कोण जाणे. पण गाणी दुसऱ्याच्या नावावर किंवा बिननावाची फिरताना तीस वर्षं ज्यानं ऐकली, त्याला असं करावंसं वाटलं तर नवल नाही. १९९३ ला वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन १९९६ चं. १५ मे २००४ ला ते गेले.

त्यांच्या गाण्यांतलं कौशल्य कागदावर चटकन दिसत नाही. शब्द इतके साधे की वाचताना आपण घसरून पुढं जातो. ते कळायला रात्री साडेअकराला बुद्धविहारासमोरच्या मंडपात बसावं लागतं. एप्रिलची उष्णता जमिनीतून अजून वर येतेय, बायाबापड्या सतरंजीवर, पोरं मांडीवर झोपलेली, पेटी, ढोलकी, बेंजो, आता ऑक्टोपॅडही. गायक ओळ टाकतो, ती अर्धी असते, म्हणजे व्याकरणानं पुरी पण मनानं अर्धी. प्रश्न विचारलेला असतो: हे कुणामुळं, ते कुठं गेलं, सांगा. ऐकणाऱ्यांना उत्तर येत असतं. दुसरी ओळ उत्तर देते, पण त्यांना वाटलं होतं त्याच्या जरा पुढचं. तिथं हात वर जातात. एका ओळीत दोन-दोन ठिकाणी यमक जुळत असतं, म्हणून निरक्षर म्हातारीला दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना अख्खं कडवं आठवतं. तिच्यासाठी यमक हीच वही. पंडिती कवितेनं यमक सोडलं तेव्हा या म्हातारीचा विचार केला नव्हता.

आणि याच मंडपात मला एक गोष्ट नेहमी खटकते. दुसरं कडवं झालं की गायक हात वर करून साथ थांबवतो. अमुक गावचे अमुक यांच्याकडून ५१ रुपये भेट. मग तमुकांकडून १०१. पार्टीच्या वतीनं आभार, एखादा शेर, टाळ्या. पुन्हा ध्रुपद. एका गाण्यात चार दात्यांची नावं वडिलांच्या नावासकट ऐकू येतात. ज्यानं गाणं लिहिलं त्याचं नाव चौथ्या कडव्यात असतं, आणि भेटी वाचता वाचता चौथं कडवं राहून जातं. दात्यांना नावं ठेवत नाही. त्या ५१ रुपयांवरच पार्टी जगते. बिदागी ठरते त्यात गाडीभाडं, पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसच्या पोरी गेल्या की गायकाच्या हाती फार उरत नाही. रचणाऱ्याचा तर त्यात वाटाच नसतो.

कॅसेटचा जमाना आला तेव्हा हे बदलेल असं वाटलं होतं. बदललं ते गायकांचं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरात गेले, आणि ते योग्यच झालं. तसा गळा शतकात एखादा. उमप तर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. पण कॅसेटच्या कव्हरवर फोटो गायकाचा, मोठं नाव कंपनीचं, आणि गीतकार असलाच तर मागच्या घडीत. आता मोबाइलवर तर तीही घडी नाही. ज्या गाण्याचा कवी माहीत आहे त्याच्याखाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात.

कायदा कवीच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा २०६४ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा मानधनातला वाटा आणखी पक्का केला. पण हक्क सांगायला गाणं आपलं आहे हे दाखवावं लागतं, आणि इथं कागद कुणाकडे आहे?

कागदाची ताकद काय असते ते अमेरिकेत दिसलं. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल यांनी १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी राल्फ पीर या रेकॉर्डवाल्यापुढं गाणी म्हटली, आणि तिथून तिकडच्या कंट्री संगीताचा व्यवसाय उभा राहिला. पीरला नवी नोंदवता येतील अशी गाणी हवी होती. म्हणून कार्टर डोंगरातल्या घराघरांत फिरून जुनी गाणी गोळा करू लागला. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असे. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाल डोक्यात साठवून आणी. गाणी नोंदली गेली कार्टरच्या नावावर. ज्यांच्या ओसरीवर ती ऐकली त्यांचं नाव नाही, रिडलचंही नाही. म्हणजे नोंद झाली की न्याय झाला असंही नाही. आपल्याकडे गाणं बेवारस होतं, तिकडे ते दत्तक गेलं.

तरी मला वाटतं, लिहून ठेवणं हाच त्यातल्या त्यात इलाज. बहिणाबाई चौधरींचं पाहा. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या घरात, शेतात काम करताना ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर त्या उतरवून घेत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये गाणी छापली गेली. घरात लिहिणारं कुणी नसतं तर आज ती गाणी ‘खानदेशी लोकगीतं’ म्हणून एखाद्या प्रबंधाच्या परिशिष्टात असती, किंवा नसतीच. जात्यावरच्या ओव्यांचंही असंच. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या प्रेमानं गोळा केल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांनी एक मोलाची गोष्ट केली: ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. ओवी तिनंच रचली की आजीकडून आली हे सांगता येत नसलं तरी एका बाईचं नाव कागदावर चढलं. तेवढंही पुष्कळांच्या वाट्याला येत नाही.

आमच्या तालुक्यातही वह्या आहेत. रिठद, केनवड, मोप, वाकद, भर जहागीर, कुठल्याही गावात जा. एके काळी गायन पार्टीत गायलेला, भजनी मंडळात खंजिरी वाजवलेला, पोळ्याला झडत्या म्हणणारा एखादा म्हातारा निघतोच. त्याच्याकडं पुठ्ठ्याची, कोपरे गेलेली, दोऱ्यानं शिवलेली वही असते. त्यात गाण्याच्या डोक्यावर चाल कुठल्या सिनेमाची ते लिहिलेलं असतं, बाजूला कार्यक्रमाची तारीख, कुठं मिळालेल्या पैशांचा हिशेब, मधेच बी-बियाण्याची उधारी. काही गाणी वामनदादांची उतरवलेली, काही त्याची स्वतःची. कुठली कुणाची ते फक्त त्यालाच माहीत असतं. तो गेला की घर आवरताना ती वही रद्दीवाल्याकडं जाते, कारण पोरांना तिच्यात नुसतं गिचमिड दिसतं.

तेव्हा वाचकहो, अशी वही तुमच्या घरात, गल्लीत, ओळखीत असेल तर एक काम करा. म्हाताऱ्याला जवळ बसवून प्रत्येक गाण्यापुढं कवीचं नाव लिहून घ्या, गाणं त्याचं असेल तर त्याचंच लिहा, आईबापाच्या नावासकट. मोबाइलवर पानांचे फोटो काढा, चाल त्याच्याच आवाजात भरून घ्या आणि वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. आणि हे यंदाचा पाऊस लागायच्या आत करा. कवेलूच्या घरात वही फार दिवस टिकत नाही.